पद सुटले तेव्हा : वाचकांचे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील राज्यकर्ते, न्यायाधीश व लोकनेते यांच्याविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. दोन्ही जिल्हे एकत्र घेण्याचे कारण असे की, १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत हा मुलूख एकच जिल्हा होता आणि सांगली हे नाव तर त्या जिल्ह्याला १९६० साली मिळाले. आलेल्या पत्रांत कोणाला पद कसे मिळाले, हे क्वचितच विचारलेले आहे. बहुतेक वाचकांचे कुतूहल पद गेल्यावर, सोडल्यावर किंवा दुसऱ्याच्या हाती दिल्यावर त्या व्यक्तीने काय केले, याविषयी आहे. हे कुतूहल आम्हांला रास्त वाटते, कारण गादीवर किंवा खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या पराक्रमात त्या जागेचा वाटा किती आणि त्याचा स्वतःचा किती, हे ती जागा सुटेपर्यंत नीटसे कळत नाही. म्हणून या अंकासाठी त्याच धाग्यातील प्रश्न निवडले आहेत. वाचकांच्या नावांऐवजी केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न (सातारा) : प्रतापसिंह महाराजांनी १८३९ साली इंग्रजांच्या कागदावर सही केली असती तर सातारची गादी वाचली असती, असे आमच्या घरातील वडीलधारी मंडळी म्हणत असत. महाराजांचा नकार हा करारीपणा समजावा की हट्ट?

उत्तर : सही कशावर करायची होती, हे आधी पाहिले पाहिजे. १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि पेशव्यांच्या छावणीतील छत्रपतींचे कुटुंब इंग्रजांच्या हाती आले. पेशवाई बुडवल्यावर मराठी मुलखातील असंतोष शमवण्यासाठी इंग्रजांनी पंचविशीतल्या प्रतापसिंहांना सातारच्या गादीवर बसवले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी त्यांच्याशी तह केला. नीरा-भीमा आणि कृष्णा-वारणा यांच्या दरम्यानचा मुलूख या तहाने त्यांच्याकडे आला. मात्र इंग्रजांच्या परवानगीवाचून बाहेरच्या कोणत्याही सत्तेशी किंवा सरदाराशी व्यवहार ठेवायचा नाही, असे एक कलम त्यात होते. त्या कलमाचा फास वीस वर्षांनी आवळला गेला.

मधल्या काळातील कारभार चोख होता, याविषयी त्यांच्या विरोधकांनीही फारशी शंका घेतलेली नाही. इंग्रज अधिकारी ग्रँट डफच्या देखरेखीखाली कारभार शिकलेल्या या राजाकडे १८२२ साली पूर्ण अधिकार आले. त्यांनी साताऱ्यात पाठशाळा काढली, शहराला पाणी आणले, महाबळेश्वरापर्यंत रस्ता केला आणि स्वतःची रोजनिशी नेमाने ठेवली. १८२९ साली महाबळेश्वरची जागा इंग्रजांना देऊन त्यांनी बदल्यात खंडाळा गाव घेतले, तो व्यवहारही बरोबरीच्या दोन पक्षांमधला होता. बिघाड झाला तो जहागीरदारांवरून. औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट यांसारख्या जहागिरींवर अंतिम हक्क कोणाचा, हा वाद होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संचालकांचा कौल महाराजांच्या बाजूने झुकला असताना मुंबई सरकारने तो त्यांच्यापर्यंत पोहोचू दिला नाही. आपले म्हणणे मुंबईला डावलून थेट लंडनला मांडावे, हा विचार महाराजांच्या मनात तेव्हापासून पक्का होत गेला आणि मुंबईच्या अधिकाऱ्यांना तो मुळीच रुचला नाही.

१८३६ साली पलटणीतील देशी अंमलदारांना फितवल्याचा आरोप पुढे आला आणि साताऱ्यात गुप्त चौकशी बसली. पुढे त्यात गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार या आरोपांची भर पडली. चौकशी करणाऱ्या तिघांपैकी एक असलेला ओव्हन्स हाच नंतर साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातील इंग्रजांचा प्रतिनिधी, झाला, यावरून त्या चौकशीच्या निःपक्षपातीपणाचा अंदाज वाचकांनी करावा. १८३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचा नवा गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्यास आला. झाले गेले विसरून गादी कायम ठेवू, परंतु तहाचा भंग आपल्याकडून झाला असे लिहून द्यावे, अशी त्याची अट होती. न केलेला गुन्हा कबूल करणार नाही, असे महाराजांनी सांगितले. ५ सप्टेंबरच्या पहाटेच्या सुमारास त्यांना राजवाड्यातून बाहेर काढून आधी जवळच्या लिंब गावी आणि नंतर काशीस नेण्यात आले. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर. सही केली असती तर गादी वाचली असती का, हे तपासण्याची सोय इतिहासानेच करून ठेवली आहे. महाराजांच्या जागी त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसवण्यात आले. त्यांनी इंग्रजांना कोठेही अडवले नाही, त्यांच्या मर्जीबाहेर पाऊल टाकले नाही आणि मृत्यूपूर्वी दत्तकही घेतला. ५ एप्रिल १८४८ रोजी ते वारल्यावर गव्हर्नर जनरल डलहौसीने तो दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. मुंबईचा तत्कालीन गव्हर्नर जॉर्ज क्लार्क याने आणि साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रिअर याने दत्तक मान्य करावा असे मत दिले होते, तेही डावलले गेले. प्रतापसिंहांनाही औरस पुत्र नव्हता. म्हणजे सही करून ते गादीवर राहिले असते, तरी त्यांच्या पश्चात हेच घडण्याचा संभव मोठा होता आणि त्यात भर म्हणून राजाने स्वतःच्या हाताने लिहून दिलेली गुन्ह्याची कबुली सरकारी दप्तरात राहिली असती. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचा आदर राखून आम्हांला असे म्हणावेसे वाटते की, महाराजांचा गादीविषयीचा हिशेब चुकला नव्हता. सहीने गादीची मुदत थोडी वाढली असती, इतकेच.

प्रश्न (कराड) : रंगो बापूजी लंडनला चौदा वर्षे राहिले आणि रिकाम्या हाताने परतले. मग त्यांच्या कार्याचा इतका गौरव का होतो?

उत्तर : ‘रिकाम्या हाताने’ हे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. रोहिडखोऱ्यातील गुप्ते देशपांड्यांच्या, शिवकालापासून छत्रपतींच्या चाकरीत असलेल्या घराण्यातले रंगो बापूजी १८४० साली महाराजांचे वकील म्हणून विलायतेस पोहोचले आणि १८५३ च्या अखेरीस परत फिरले. त्यांच्या आधी महाराजांनी पाठवलेल्या वकिलांना यश आले नव्हते. कंपनीच्या भागधारकांच्या सभांत सातारा प्रकरणावर वारंवार वादविवाद झाले. साताऱ्यास पूर्वी रेसिडेंट असलेले जनरल ब्रिग्ज, पार्लमेंटातील जोसेफ ह्यूम, गुलामगिरीविरोधी चळवळीतील वक्ते जॉर्ज थॉम्पसन यांनी महाराजांची बाजू मांडली. मतदानात मात्र प्रत्येक वेळी संचालकांचीच सरशी झाली.

या प्रदीर्घ खटपटीचे मोल दोन गोष्टींत आहे, असे आम्हांला वाटते. पहिली अशी की, मुंबईच्या अधिकाऱ्यांनी गुप्त ठेवलेली अनेक कागदपत्रे या वादंगामुळे विलायतेत छापली गेली. आज सातारा प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्याला सरकारी पक्षाचे दोष सरकारी कागदांतूनच दाखवता येतात, याचे बरेचसे श्रेय रंगो बापूजींच्या चिकाटीला आहे. दुसरी गोष्ट अधिक लक्षणीय आहे. ज्या राजाने त्यांना वकीलपत्र दिले तो १८४७ साली वारला, ज्या राज्यासाठी भांडायचे ते पुढच्या दीड वर्षात नकाशावरून पुसले गेले, पैसा आटला आणि तरीही हा मनुष्य आणखी काही वर्षे तेथे राहून दत्तकाच्या हक्कासाठी अर्ज करीत राहिला. कायद्याच्या मार्गावर एवढा विश्वास ठेवणारा आणि त्या विश्वासाची एवढी किंमत मोजणारा दुसरा मनुष्य त्या पिढीत शोधावा लागेल.

तो विश्वास अखेर ढळला, हेही नोंदवले पाहिजे. परतल्यावर त्यांनी १८५७ साली साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव केली. कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना देहान्ताची शिक्षा देण्यात आली. त्यांत काहींना फाशी, काहींना गोळ्या आणि काहींना तोफेच्या तोंडी देणे, असे प्रकार होते. रंगो बापूजींचा मुलगा सीताराम हाही फाशी गेला. स्वतः रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत आणि त्यांचे पुढे काय झाले, याचा पत्ता लागत नाही. साताऱ्यातील चारभिंती हे हुतात्म्यांचे स्मारक या घटनेची आठवण म्हणून उभे आहे. तेथे फिरावयास जाणाऱ्यांपैकी किती जण तेथील मजकूर वाचतात, हा प्रश्न सातारकरांनीच एकमेकांना विचारावा.

प्रश्न (वाई) : रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही कथा खरी मानावी काय? आणि एकदा पद सोडल्यावर ते पुन्हा न्यायाधीश कसे झाले?

उत्तर : रामशास्त्री हे साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचे. पोरवयात साताऱ्याच्या अनगळ सावकारांकडे आश्रित म्हणून राहून आणि पुढे काशीस बाळंभट्ट पायगुंडे यांच्याजवळ शास्त्राध्ययन करून ते पुण्यास आले व १७५९ साली न्यायाधीश झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शास्त्रीबुवांनी त्याचा माग काढला, दोष राघोबादादांकडे जातो असे ठरवले आणि पुणे सोडले.

प्रायश्चित्ताचा जो संवाद आपण शाळेपासून ऐकतो, त्याचा प्रसार मुख्यतः ग्रँट डफच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासातून झाला. हा ग्रंथ घटनेनंतर अर्धशतकाने छापला गेला असला, तरी त्याचा कर्ता साताऱ्यात राहिलेला होता आणि जुन्या कारभाऱ्यांच्या हयात पिढीकडून ऐकण्याची संधी त्याला मिळाली होती. तेव्हा संवादातील शब्दन्‌शब्द खरा धरू नये, परंतु प्रसंगाचा गाभा टाकून देण्याचेही कारण नाही, असे आमचे मत आहे. शब्दांपेक्षा कृतीला अधिक महत्त्व द्यावे. राघोबादादा गादीवर असेपर्यंत पुण्यात न्यायदान करायचे नाही, असे ठरवून शास्त्रीबुवा वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले, हे डफनेही नमूद केले आहे. आपण वाईचे असल्याने आपल्याला हा तपशील विशेष आवडावा. नाटकांतून आणि गोष्टींतून मात्र दरबारातील तो एक क्षण तेवढा उचलला जातो आणि नंतरचा खेड्यातील मुक्काम गाळला जातो. वास्तविक, एका आवेशाच्या क्षणी कठोर शब्द बोलणे हे अनेकांना जमते, परंतु मानाचे पद व पुण्यातील वास्तव्य सोडून महिनेन्‌महिने गप्प बसणे हे त्याहून अवघड आहे.

पुन्हा पद स्वीकारण्यात विसंगती नाही. त्यांचा आक्षेप पदावर नव्हता, त्या पदाला हुकूम देणाऱ्या व्यक्तीवर होता. बारभाईंनी, म्हणजे राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, राघोबादादांना दूर करून सवाई माधवरावांच्या नावाने कारभार सुरू केल्यावर तो आक्षेप उरला नाही. नाना फडणीसांच्या कारभारात ते न्यायासनावर परत आले आणि १७८९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचा लौकिक कायम राहिला.

प्रश्न (आटपाडी) : औंधच्या राजांनी १९३९ साली आपली सत्ता प्रजेला दिली, असे पाठ्यपुस्तकातही क्वचित वाचायला मिळते. ही सत्ता खरोखर दिली होती की चळवळीच्या दबावाखाली दिल्याचा देखावा होता?

उत्तर : आपण आटपाडीचे असल्यामुळे हा प्रश्न आपल्या गावाचा आहे, कारण आटपाडी हा औंध संस्थानाचाच भाग होता. सुमारे ५०० चौरस मैलांचे आणि ७२ गावांचे हे संस्थान सलग नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडचे गुणदाळ असे त्याचे तुकडे विखुरलेले होते. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखान्यासाठी जागा व कर्ज मिळाले ते याच राजांकडून. किर्लोस्करवाडी हे नाव त्यानंतरचे.

दबावाविषयी बोलायचे तर, १९३८ साली संस्थानी प्रजेच्या चळवळींनी देशभर जोर धरला होता, हे खरे आहे. परंतु त्या दबावाखाली इतर बहुतेक संस्थानिकांनी फार तर सल्लागार मंडळे नेमली. औंधमध्ये राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनी महात्मा गांधींशी चर्चा करून राज्यघटना तयार केली आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली. गावाने पंच निवडावेत, पंचांतून तालुक्याची व तालुक्यातून मध्यवर्ती सभेची रचना व्हावी आणि राजाने विश्वस्ताच्या नात्याने राहावे, असा तिचा आराखडा होता. सत्तेची इमारत खालून वर बांधण्याचा हा प्रयत्न होता आणि महाराष्ट्र राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या त्या १९६२ साली, हे लक्षात घेतले म्हणजे औंधचे पाऊल किती पुढचे होते ते कळते.

देखावा की खरे, याची परीक्षा पुढच्या वर्षांत झाली. १९४२ नंतर प्रतिसरकारच्या, म्हणजे गावोगाव इंग्रजांना समांतर कारभार चालवणाऱ्या चळवळीच्या, कार्यकर्त्यांना कुंडलचा मोठा आधार मिळाला, तो हे गाव औंधच्या हद्दीत असल्यामुळे. इंग्रजांना खूश ठेवू पाहणाऱ्या राजाने तसे घडू दिले नसते. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहत हा दुसरा पुरावा. गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांनी भिंतीवाचून, कुटुंबासह राहून शेती करावी, ही कल्पना त्या काळी अनेकांना वेडगळ वाटली असेल. परंतु ती वसाहत टिकली, पुढे सरकारी तुरुंग खात्यानेही ती चालू ठेवली आणि एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाची कथा तिच्यावरून सुचली. ती कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे आपल्याच आटपाडी तालुक्यातले.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. संस्थान लहान होते, उत्पन्न तुटपुंजे होते आणि ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर हा प्रयोगही तेथेच थांबला. नऊ वर्षांत एखादी राज्यपद्धती मुरली की नाही, हे ठरवता येत नाही. परंतु ‘दिली की देखावा’ या आपल्या प्रश्नापुरते आमचे उत्तर ‘दिली’ असेच आहे. औंधच्या टेकडीवर यमाईच्या पायथ्याशी असलेले श्रीभवानी संग्रहालय आपण पाहिले नसल्यास अवश्य पाहावे. सत्ता सोडणाऱ्या या राजाचा जीव कशात रमत होता, हे तेथे दिसते.

प्रश्न (इस्लामपूर) : क्रांतिसिंह नाना पाटील यांनी स्वातंत्र्यानंतर कोणतेही पद घेतले नाही, असे भाषणांतून ऐकतो. हे कितपत खरे?

उत्तर : ते मंत्री झाले नाहीत, हे खरे. परंतु १९५७ साली साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून ते लोकसभेवर निवडून गेले होते व तेथे त्यांनी मराठीत भाषण केले होते. भाषणे करणाऱ्यांनी हा भाग गाळू नये, त्याने नानांचे मोठेपण कमी होत नाही. त्यांनी खरोखर सोडलेले पद म्हणजे तलाठ्याची नोकरी. बहे-बोरगाव येथे जन्मलेल्या आणि येडेमच्छिंद्रच्या या माणसाने १९३० साली ती सोडली, तेव्हा खेड्यात तलाठी म्हणजे प्रत्यक्ष सरकार होते. १९४३ ते १९४६ या काळात गावोगाव न्यायनिवाडे करणारे, सावकारी व गुंडगिरीला चाप लावणारे, कमी खर्चात लग्ने लावणारे प्रतिसरकार उभे राहिले, त्यामागे सातबाऱ्याचा आणि गावच्या भांडणांचा हा जुना परिचय होता, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे.

प्रश्न (सांगली) : वसंतदादांनी १९८५ साली मुख्यमंत्रिपद का सोडले? निवडणूक तर त्यांनी जिंकून दिली होती.

उत्तर : पक्षाच्या प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांची नियुक्ती दिल्लीने त्यांच्या मनाविरुद्ध केली, म्हणून. १९८५ च्या मार्चमध्ये निवडणूक जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झालेल्या दादांनी जूनमध्ये राजीनामा दिला आणि शिवाजीराव पाटील निलंगेकर त्या जागी आले. १९७८ च्या जुलैमध्ये सहकाऱ्यांनी साथ सोडल्यामुळे गेलेले पद आणि १९८५ साली स्वतः टाकलेले पद, यांत फरक केला पाहिजे. त्यानंतर त्यांना राजस्थानचे राज्यपाल करण्यात आले. राजभवनात स्वस्थ बसून राहणे हा दादांचा पिंड नव्हता, हे सांगलीकरांना आम्ही सांगावयास नको. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडताना ज्यांच्या दोन साथीदारांनी प्राण गमावले आणि ज्यांना स्वतःला गोळी लागली, त्यांच्यासाठी दिल्लीची नाराजी ही तशी लहान बाब होती. १९८७ साली तेही पद सोडून ते महाराष्ट्रात परतले.

प्रश्न (देवराष्ट्रे) : आमच्या गावच्या यशवंतराव चव्हाणांनी शेवटच्या काळात चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात जाऊन व नंतर इंदिरा गांधींच्या पक्षात परतून आपली प्रतिष्ठा कमी करून घेतली, अशी टीका होते. आपले मत काय?

उत्तर : टीकेचे तपशील खरे आहेत, म्हणून त्यांच्यापासून पळ काढता येत नाही. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेलेले यशवंतराव पुढे गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खाती सांभाळून १९७७ साली लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई सरकारवरील अविश्वासाचा ठराव त्यांनीच मांडला. मोरारजींनी राजीनामा दिल्यावर राष्ट्रपतींनी सरकार बनवता येते का, अशी विचारणा प्रथम त्यांच्याकडे केली. संख्याबळ जमत नाही, असे त्यांनी कळवले आणि थोड्याच दिवसांत ते चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले. ते सरकार लोकसभेला सामोरे न जाताच कोसळले. पंतप्रधानपद एवढ्या जवळ येऊन गेलेला महाराष्ट्राचा नेता तोवर झाला नव्हता आणि त्या पदाऐवजी एका अल्पजीवी मंत्रिमंडळातील दुय्यम जागा त्यांनी पत्करावी, हे त्यांच्या अनेक चाहत्यांना तेव्हाही पटले नव्हते. आम्हांलाही ते पटत नाही. बेरीज-वजाबाकी करून पाऊल टाकण्याची त्यांची सवय येथे त्यांच्या कामी आली नाही.

परतण्याविषयी मात्र आमचे मत टीकाकारांहून सौम्य आहे. १९८० साली लाटेविरुद्ध ते साताऱ्यातून निवडून आले होते, म्हणजे स्वतःच्या मतदारसंघात त्यांना कोणाच्या आश्रयाची गरज नव्हती. १९३० च्या कायदेभंगात शाळकरी वयात सत्याग्रही झालेल्या आणि १९३२ साली अठरा महिन्यांची शिक्षा भोगलेल्या माणसाला काँग्रेसबाहेर आयुष्य काढणे जड गेले असेल, तर ते समजण्यासारखे आहे. परतल्यावर त्यांना मंत्रिपद मिळाले नाही. आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद मिळाले आणि ते काम त्यांनी मन लावून केले.

टीका करणारे आणि स्तुती करणारे दोघेही शेवटच्या वर्षांतील एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष देत नाहीत. याच काळात त्यांनी ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र लिहिले. देवराष्ट्र्यातील बालपण, प्लेगमध्ये वडिलांचा मृत्यू, आई विठाबाईंचे कष्ट, कराडचे टिळक हायस्कूल, तुरुंग, कोल्हापुरातील शिक्षण, वेणूताईंशी विवाह, भूमिगत दिवस असे करीत ते पुस्तक १९४६ साली, म्हणजे ते प्रथम आमदार होऊन मुंबईस निघाले तेथे, संपते. पुढचे भाग लिहावयाचे त्यांच्या मनात होते, परंतु १ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते स्वतः गेले. त्यामुळे प्रतापगडावरील १९५७ च्या निदर्शनांविषयी, मुंबईसह महाराष्ट्र मिळाल्याच्या दिवसांविषयी, १९६९ च्या काँग्रेस फुटीविषयी आणि १९७९ च्या त्या जुलै महिन्याविषयी त्यांचे सलग निवेदन आपल्याकडे नाही. राजकारणाच्या अभ्यासकांना ही उणीव सतत जाणवते. परंतु पद नसलेल्या फुरसतीत आपल्या आयुष्यातील कोणता भाग प्रथम लिहावासा वाटला, हे त्यावरून कळते. आपण देवराष्ट्र्याचे आहात. त्या पुस्तकातील पहिली प्रकरणे आपल्या गावात बसून पुन्हा वाचावीत, असे सुचवतो.

प्रश्न (कोरेगाव) : मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान साताऱ्याचे होते, असे कोणीतरी सांगितले. बाळासाहेब खेर तर रत्नागिरीकडचे. हा घोटाळा काय आहे?

उत्तर : घोटाळा नाही. १९३५ च्या कायद्यानुसार प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांना त्या वेळी पंतप्रधान म्हणत. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली, परंतु गव्हर्नर आपले विशेषाधिकार वापरणार नाहीत, असे आश्वासन मिळाल्याखेरीज सत्ता घ्यायची नाही, असे तिने ठरवले होते. तेव्हा गव्हर्नरने साताऱ्याचे पारशी उद्योजक सर धनजीशा कूपर यांना पाचारण केले आणि १ एप्रिल १९३७ पासून त्यांचे हंगामी मंत्रिमंडळ कामाला लागले. त्यांच्यामागे विधिमंडळात बहुमत नव्हते. काँग्रेसने सत्ता स्वीकारण्याचे ठरवल्यावर १९ जुलै रोजी ते पायउतार झाले आणि खेर त्यांच्या जागी आले. आपल्या तालुक्यातील सातारा रोड येथे लोखंडी नांगरांचा कारखाना काढणारे कूपर ते हेच. त्या कारखान्याच्या सुरुवातीच्या खटपटीत कर्मवीर भाऊराव पाटील त्यांच्यासोबत होते, पुढे दोघांचे बिनसले आणि भाऊरावांनी आपले सारे लक्ष रयत शिक्षण संस्थेकडे वळवले. साडेतीन महिन्यांच्या त्या मंत्रिमंडळाने फार काही केले असे म्हणता येत नाही. कूपर यांचे नाव आपल्या भागात टिकले ते कारखान्यामुळे.